खानेसुमारी, व्रानोव दोल

पहिला प्रश्न : गावात घरं किती?
एकशे बारा.
दुसरा : पैकी राहती किती?
इथं पेन्सिल अडते.

गेर्गिनाच्या धुराड्यातून धूर येतोय, ते एक.
शेजारच्या घराला धूर नाही,
पण खिडकीत धुतलेला पडदा आहे.
त्या घरची पोरगी वालेन्सियात संत्री तोडते,
आली तर ऑगस्टात येते.
पडदा गेर्गिना धुते, दर शनिवारी, स्वतःच्या पडद्यांबरोबर.
हे राहतं म्हणायचं का?

"तात्पुरतं बंद, असं लिही," नेनो म्हणतात.
पूर्वी ते गावचे प्रमुख होते.
आता किल्ल्या सांभाळतात :
एक्केचाळीस, तारेत ओवलेल्या,
चालताना बकरीसारख्या वाजतात.
"शाळासुद्धा तात्पुरतीच बंद आहे.
छत्तीस वर्षं झाली."

खानेसुमारी म्हणजे घरांची मोजणी,
शिरगणती म्हणजे डोक्यांची.
दोन्हींत इतकं अंतर पडेल
असं शब्द पाडणाऱ्याला वाटलं नसावं.
डोकी, तीस.

पुढचा रकाना, दळणवळण.
दळण आता शहरातून पिशवीत येतं,
गिरणीच्या छपरावर बाभळीची रोपं आहेत.
वळण एकच, चर्चच्या खालचं,
तिथं बस तोंड फिरवते.
मंगळवार, शुक्रवार. सकाळी सात दहा.

रेल्वे : चार किलोमीटरवर.
रूळ आहेत. ब्लॅकबेरी उत्तम येते.

वाहनं : एक मॉस्कविच, आत कोंबड्या.
एक गाढवगाडी, नंबरप्लेटसह.
गाढव सव्वीस वर्षांचं,
म्हणजे गावात सगळ्यात तरुण तेच.
ते कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
हसले सगळे, मग कुणीच हसेना.

बसथांब्यावर एकच फळा आहे.
वेळापत्रक तिथं, आणि गेलेल्यांचे कागदही तिथंच :
फोटो, नाव, वय, काळी चौकट.
चाळीस दिवस झाले की नवा कागद,
सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं, तीन वर्षांनी.
मी तेही मोजले, कुणी सांगितलं नसताना.
चौऱ्याऐंशी.
त्यांतल्या कुणा दिमितारच्या हनुवटीखाली
परतीची वेळ दबली होती.
मी दुपारी दोन समजले, बारा होती.
बस गेली.

आता शुक्रवारपर्यंत.

नेनोंनी तारेतून एक किल्ली काढली,
काढताना उरलेल्या चाळीस वाजल्या.
गेर्गिनानं त्या पडद्यामागची शेगडी पेटवली,
पलंगावरचं प्लास्टिक काढलं,
उशी दोनदा झटकली, मग तिसऱ्यांदा, उगाच.

बुधवारी उजाडता उजाडता दारात वेलिका,
काठी टेकत, धापा टाकत,
एप्रनच्या झोळीत चार अंडी.
"धूर दिसला," म्हणाली. "आलीस?"
तिला मोतीबिंदू आहे. मला उत्तर सुचेना.
मी अंडी घेतली.

गुरुवारी अर्जावर एक ओळही चढली नाही.
नेनोंच्या विहिरीवरचा कप्पी-दोर बसवायला हात लावला,
गाढवाला पाणी पाजलं,
संध्याकाळी चार जणांत पत्ते खेळले, हरले.

शुक्रवारी सात दहाला इस्क्रेननं दोनदा हॉर्न दिला.
त्याच्या बसमधून उतरायला सहसा माणूस नसतो :
औषधांची खोकी, कोंबडीचं खाद्य, पाव.
पाव तो मोठ्यानं मोजून देतो,
मागे एकदा भांडण झालं होतं म्हणून.
एकोणतीस, तीस, एकतीस.

"एक जास्त आहे," मी म्हटलं. मोजणं माझं कामच.

"जास्त नाही," इस्क्रेन म्हणाला.
"नेनोंनी बुधवारी बेकरीत फोन केला होता,
गावात एक वाढला म्हणून.
बेकरीवाल्यानं दोनदा विचारलं,
वाढला? की कमी झाला?"

नेनो किल्ल्यांशी खेळत दुसरीकडे बघत होते.

तिकीट एक.
वळणावर बसनं तोंड फिरवलं.
अर्जांचा गठ्ठा मांडीवर, त्यावर पाव.
कागदांतून ऊब खाली येत राहिली
मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत.