नमुना क्रमांक पाच

स्कुटीच्या पायाशी थर्माकोलचा डबा,
डब्यात पाच बाटल्या, बाटल्यांवर माझं अक्षर:
गाव, घाट, वेळ, घेणाऱ्याची सही.
सुलभा पतिराम नान्हे, जलसुरक्षक.

पहिली भरली टेकडीखालच्या झिऱ्यावर.
मोहाचं एक पान आत आलं, ते काढलं.
पाणी इतकं नितळ, की बाटली रिकामीच वाटली;
उन्हात धरली तेव्हा पलीकडच्या
अंगठ्याच्या रेषा मोठ्या दिसल्या.

पुढे बांद्या. उन्हाळी धानाचा रोवणा नुकताच झालेला,
युरियाची धुतलेली पोती धुऱ्यावर वाळत होती
आणि नदीत उतरणारा ओघळ
लेकराच्या शेंबडासारखा हिरवा.
दुसरी.

तिसरीला नाक दाबावं लागलं.
राईस मिलमागे संध्याकाळी उकड्याचं पाणी सुटतं,
कोमट, आंबलेलं, ताकाच्या रंगाचं.
चौकीदार म्हणाला, "म्याडम, आता काहून घेता?
सकाळी या ना, सकाळी साफ राहाते."
मी वेळ लिहिली. पाच चाळीस.

चौथी बाजारगावच्या नाल्याच्या तोंडाशी.
तिथं डुकरंही काठाकाठानंच चालतात.

आमच्या गावावर कोसभर वाळू होती.
वरून काहीही येवो, वाळू ते पदरानं गाळून घ्यायची,
खाली डोहात पाणी पुन्हा शहाणं व्हायचं.
बाबा डोंग्यातून वाकून ओंजळभर घ्यायचे,
तोंडात घोळवून सांगायचे,
"मिलवाल्यानं काल सोडलं होतं. इथवर नाही पोचलं."
तेव्हा डोहात डाडक होती, शिंगूर होते,
चिल्याच्या आडोशाला मरळ पिलं घेऊन हिंडायची.

पाचवी तिथली.
आता वाळू नाही. चिकण माती आहे,
मातीत टायरच्या नक्ष्या, नक्ष्यांत साचलेलं पाणी.

रात्री सगळ्यांतलं थोडं थोडं
तपासणीच्या कुप्यांत ओतून खिडकीत ठेवलं.
काळी पडली की पाणी खराब, इतकं साधं असतं.
पहिली पिवळीच राहिली.
पाचवी चौथीच्या आधी काळी पडली.

बाबांनी पाहिलं. बोलले नाहीत.
दोन वर्षं कोरडं असलेलं जाळं
त्यांनी दांडीवर उगाच उलटं टाकलं.

खेमराज, माझा भाऊ, अडीचला ट्रॅक्टर घेऊन निघतो.
इथली संपली म्हणून आता दोन कोस वरून आणतो.
आणि रोज न विसरता
वीस रुपयांची आरओची कॅन,
बाबांच्या पोटाला नदीचं सोसत नाही म्हणून.

अहवालात एक रकाना असतो:
प्रदूषणाचे संभाव्य कारण.
युरिया लिहिला. मिल लिहिली. नाला लिहिला.
मग पेन तिथंच टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
उठले, कॅनमधलं पेलाभर प्याले.
कशाचीच चव नाही.

बाहेर ट्रॉली भरलेलीच उभी होती, दिवसा नेता येत नाही.
फळीच्या फटीतून वाळूचं पाणी ठिपकत होतं
अंगणात, कोंबड्यांच्या पायांत,
झिऱ्यासारखं नितळ.