ओळ मोडली

मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला,
कारण चोपडा तालुक्यात मराठी टायपिंग माझं बरं.
साचा तयारच असतो: 'आपण बजावलेल्या उल्लेखनीय सेवेबद्दल',
मग नाव, हुद्दा, उपकेंद्र,
आणि खाली साहेबांच्या सहीपुरती जागा.

कोकिळा उखर्डू सपकाळे, आरोग्य सेविका.
मी टाकलं, कोकिळा उ. सपकाळे.
माईक असणार, जिल्ह्याची माणसं असणार,
नर्सिंगच्या पोरी पुढच्या रांगेत बसून फिदीफिदी हसतील.
उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा.
वाटलं, बाईवर उपकारच केला आपण.

माहिती भरायला तिची रजिस्टरं मागवली होती.
चौतीस वर्षांची, सुतळीनं आवळलेली.
गाठ सोडली तर फिनेलचा वास,
आणि पानोपानी केळीच्या चिकाचे डाग, काळे, न जाणारे.
मे महिन्यात पारा शेहेचाळीसला टेकला की
ती लशीची पेटी बागांमधून नेते.
सडकेनं अर्धा तास लागतो, बागेतून पाऊण,
पाटाच्या पाण्यातून, चपला हातात घेऊन.
विचारलं तर म्हणाली,
'माणूस तापला तर उतरतो, भाऊ. लस तापली की गेली.'
हे वाक्य साच्यात कुठेच बसेना.

पहिल्या रजिस्टरात, बाळाच्या नावाखाली:
धोंडू. भिका. दगडू. पुन्हा भिका.
उखर्डू तर नदीकडच्या एका गल्लीत तीन.
आधीची गेली की पुढच्याला असलं नाव ठेवायचं,
म्हणजे मरण वळून बघत नाही.
सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं,
आत्यानं पसाभर कोंडा देऊन विकत घ्यायचं,
मग आईनं परक्याचं म्हणून घरात आणायचं.
शेऱ्याच्या रकान्यात कोकिळाबाईंचं बारीक अक्षर:
'आई अंगावर पाजते. हाक मारत नाही.'

मग कुठेतरी, सातव्या की आठव्या रजिस्टरात,
मी बोट ठेवून शोधलं, तारीख काही सापडली नाही,
भिका यायचा थांबला.
एक दगडू आहे अजून, एकटाच, दोन पानं सोडून.
त्यानंतर स्वप्नील, हर्षदा, मयूर,
एकीचं तर चक्क डिंपल.
आया बेधडक लाडाची नावं ठेवू लागल्या,
दारात कुणी कान लावून उभं नसल्यासारखी.

आता हे मानपत्रात कसं लिहिणार?
लसीकरण शहाण्णव टक्के, असं लिहिलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती रिकामी पेटी जमा करायला आली.
कागद वाचला, ओळीखालून बोट सरकवत,
आणि बोट त्या 'उ' पाशी थांबलं.
ऑफिसात ती नेहमी शुद्ध बोलते, साहेबांसारखं.
हे मात्र अहिराणीत बोलली:
'मना बापनं नाव पुरं लिखा, भाऊ.
त्यासना पहिले चार गयात.'

पंखा फिरत होता. मी म्हणालो,
'ताई, साचा आहे, ओळ मोडेल.'
'मोडू द्या,' म्हणाली,
आणि पेटीच्या पावतीवर माझी सही मागितली.

ओळ मोडली.
'सपकाळे' खाली गेलं, एकटंच, जरा डावीकडे.
दोनदा प्रिंट काढली, दोन्ही वेळा तसंच.

म्हातारा येणार आहे उद्या.
धोतर धुऊन ठेवलंय म्हणे चार दिवसांपासून,
कानानं कमी ऐकतो.
म्हणून निवेदकाच्या कागदावर, समासात,
मी पेनानं लिहून ठेवलं:
हे नाव सावकाश घ्यावे. मोठ्याने.