तळघरातलं कपाट

पार्सल आलं तेव्हा पारा उणे एकवीसवर होता.
टपालवाल्यानं खोकं चर्चच्या पायरीवर टेकवलं,
हॉर्न दिला, आणि गेला.
इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं.
नॉर्थ डाकोटात याला उद्धटपणा म्हणत नाहीत.

किल्ली माझ्याकडे. बावीस वर्षं माझ्याकडेच.
कुणी रीतसर दिली नाही, कुणी परत मागितली नाही.

खोक्यावर लिहिलेलं: लहान मंडळ्यांसाठी साहित्य.
लहान तर आहोतच, त्यात लाजायचं काय.
नाताळात एकतीस, एरवी चौदा,
आणि पाळकबाई तीन गावांत वाटलेल्या,
आमच्या वाट्याला दुसरा आणि चौथा रविवार.

आत निघाली उपवासकाळाची पुस्तिका,
मुलांसाठी चिकटचित्रं (मुलं दोन),
सेवाकार्याच्या नियोजनाची फाइल, रंगीत कप्प्यांची,
आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता,
त्यावर इतकी तरुण माणसं इतकी हसत होती
की चुकून दुसऱ्याच कुणाचं आलं असं वाटून
मी पत्ता पुन्हा वाचला.

नवं ठेवायचं तर जुनं काढायला हवं.
खालच्या फळीवर फ्लॅनेलचा फळा
आणि बिस्किटांच्या डब्यात कापडी माणसं.
मेंढपाळ तीन, पाय मिळून चार.
जक्कय एकच, पण त्यानं पडेल ते काम केलं,
मासे धरले, पक्षाघात झालेला म्हणून छपरातून उतरला,
एकदा तर योना झाला,
माशाच्या पोटात मावेल एवढा तोच होता.
सगळी बोर्गहिल्ड त्वेइटेननं कापलेली,
नवरा नौदलातून परत आला त्या हिवाळ्यात,
त्याच्याच कोटाच्या कापडातून समुद्र.
म्हणून आमच्याकडे तांबडा समुद्र
गडद निळा आहे,
आणि इथं वाढलेल्या कुणालाही ते चुकीचं वाटत नाही.

डबा पुन्हा होता तिथं सरकवला.

बुधवारी सूप झाल्यावर पुस्तिका उघडली.
पेन्सिली वाटल्या. सात जण.
पहिला प्रश्न: हरवल्यासारखं कधी वाटलं?
खाली तीन ओळी, कोऱ्या.
हाल्वर ब्राटेलिएन, जो गव्हाच्या भावापलीकडे
मंडळीत कधी तोंड उघडत नाही,
बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला. मग म्हणाला,
मायनॉटच्या दवाखान्यातून घरी आलो त्या पहाटे,
अंगणात गाडी उभी केली आणि उतरलोच नाही.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता.

कॉफीचं भांडं तेवढं खदखदत राहिलं.

मग? न्याकुओथनं विचारलं.
(ती दोन वर्षांपूर्वी आली, दक्षिण सुदानहून,
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, आल्टो गाते,
आमच्याकडे त्याआधी आल्टो नव्हता.)

मग काय. गाई हंबरायला लागल्या.

ती म्हणाली, मी पाहिली होती ती गाडी.
पाच वाजले होते, मी घरी जात होते.
मला वाटलं, कामाला निघालात.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नाही,
पुस्तिकेत अजून एकोणचाळीस दिवस आहेत.

आता पहाटे पाचला त्याच्या फाट्यावर
एक हॉर्न वाजतो, छोटा,
आणि स्वयंपाकघरातला दिवा एकदा विझून पुन्हा लागतो.
हे मला हाल्वरच्या शेजारणीनं सांगितलं,
त्या दोघांनी नाही.
वार्षिक अहवालासाठी मी ती फाइल चाळली,
हिरवा कप्पा, पिवळा, जांभळा,
हे कुठं लिहायचं ते काही सापडलं नाही.

तक्ता मात्र कामी आला.
तळघराच्या खिडकीची काच नोव्हेंबरपासून तडकलेली,
तिच्यावर चारही कडांनी पट्टी मारून बसवला.
तोंड बाहेरच्या बाजूला.
ती सगळी तरुण माणसं आता
बर्फाकडे बघून हसत असतात,
आणि आत वारा येत नाही.