तुटलेल्या तारांचा डबा

ओपावाच्या क्लबात, जिन्याखालच्या खोलीत,
जिथे पूर्वी रोलर आणि चुन्याची पोती असत,
तिथे माझं यंत्र आहे.
मी ब्लाझेना. रॅकेट विणते.
एकतीस वर्षं झाली.
चेहरे मला उशिरा लक्षात राहतात,
आधी तारा.

तुटलेली तार लपवत नाही काही.
मधोमध तुटली, तर बाई चेंडू पाहून मारते.
वर, चौकटीलगत तुटली, तर घाबरली होती,
आणि कोणत्या गेममध्ये, तेही मी बहुतेक सांगते.
दोरोताच्या उभ्या तारांवर खाचा पडतात,
बारीक, तिरप्या, एकाच अंगाला कललेल्या.
तिचा एकहाती बॅकहँड चेंडूखालून असा जातो
जसा झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात.
चेंडू पलीकडे पडतो
आणि उठायचं विसरतो.
चौतीस वर्षांची आहे. एका गुडघ्याला पट्टा.
पहिल्या फेरीत तिला बघायला
एकोणीस माणसं होती, मी मोजली,
आणि तिच्या मावशीचा कुत्रा.

मंगळवारी प्रागहून केसल आला, पोस्टरची गुंडाळी घेऊन.
पोस्टरवर साबिना.
केस मोकळे, कानात लोंबते डूल,
रॅकेट खांद्यावर टाकलेली, शालीसारखी.
चेंडू कुठेच नव्हता.
खाली मोठ्या अक्षरांत: या, बघायला या!
मी म्हटलं, काय बघायला?
मुलगी बघायला बोलावताय, की खेळ?

केसल हसला. वाईट माणूस नाही तो.
म्हणाला, बॅकहँडवर तिकिटं खपत नाहीत, ब्लाझेना.
गेल्या वर्षी तुमच्या दोरोताचा फोटो लावला होता,
तोंड वाकडं, मोजे लाल मातीनं माखलेले,
खरा खेळतानाचा, तुम्हाला हवा तसा.
फायनलला निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
मला उत्तर सुचलं नाही.
हिशेब त्याच्याकडे होता.
माझ्याकडे फक्त डबा.

त्या रात्री साडेदहाला दार वाजलं.
साबिना. केस आवळून बांधलेले,
नाकाची साल उन्हानं निघालेली,
बगलेत तीन रॅकेट.
एक किलो सैल करा, म्हणाली,
जाळीपाशी हाताला चेंडू कळत नाही.

जाळीपाशी?
मी तारा कापल्या, दिव्याखाली धरल्या.
सगळी झीज मधोमध,
कोटाच्या बटणाएवढ्या जागेत,
कडेला एक ओरखडा नाही.
असा व्हॉलीचा हात
मी आजवर दोनदा पाहिला,
त्यातला एक आता पोस्टात नोकरी करतो.
आणि सोमवारी हिचा सामना?
पाहिला होता ना, अख्खा, पुढच्या रांगेतून.
मी तिचे डूल बघत बसले होते.

ती स्टुलावर बसून सफरचंद खात होती.
उद्या दोरोताशी आहे, म्हणाली,
तिचा तो मेला चेंडू उठतच नाही. काय करू?
खरं तर हे मी सांगायचं नसतं.
पुढे जा, म्हटलं,
पडूच देऊ नकोस.

बुधवारी एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी भर दुपारी खोलीला कुलूप लावलं.
केसल शेजारी येऊन बसला,
पेन्सिलीनं खुर्च्या मोजत,
दोनशे बारा, दोनशे तेरा.
दोरोतानं कापला, खोल, जमिनीलगत,
साबिना धावली, वाकली, गुडघा मातीला टेकला,
आणि चेंडू जाळीवरून असा हळूच उतरला
की दोरोता स्वतःच मान हलवून हसली.
पुढच्या पॉइंटला तिनं तोच चेंडू
आणखी दोन बोटं खाली ठेवला.
साबिना पोचली नाही.
तोंड वाकडं, दोघींचंही.

केसलची पेन्सिल थांबली.
हे, हे तिनं कसं केलं?
कोणी, मी विचारलं.
दोघींनी.
एकतीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते.
घसा साफ केला, हात वर करून
मनगट वळवून दाखवू लागले.

गप, तो म्हणाला,
सर्व्ह करतेय ती.