गुणवही

मंडईचे तंबू उठले, धान चुरून झालं,
तेव्हा त्याच बांधीत आम्ही चुन्याने चौकोन आखला.
मातीत धसकटं तशीच होती.
पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे गुडघे फुटले.
टेकचंदची माय बांधावरून ओरडली,
"आधी धसकटं तं उपटा रे पोट्टेहो!"

नवयुवक क्रीडा मंडळ, खैरबोडी:
सात खेळणारे, तीन बदली, यादोरावची पिकअप,
आणि दोनशे पानी वही घेऊन मी.
उन्हाळ्यात मी तेंदूच्या फळीवर मुन्शी असतो.
सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा.
मोजणं मला येतं.
दम धरून पळणं कधीच जमलं नाही.

वर्गणीतून एक चढाईवाला आणला,
लोमेश मडावी, कुरखेड्याकडचा.
रात्रीचे आठशे, वर कोंबडीचं जेवण.
गावच्या सातांनी कुरकुर केली.
पहिल्याच चढाईत तो तिघांना बाद करून परतला,
मग कुरकुर जेवणाबद्दल उरली फक्त.

साकोली: जिंकलो. एकवीस हजार आणि एक ढाल,
जी पिकअपच्या टपावर बांधताना वाकली.
अर्जुनी: पहिल्या फेरीत बाहेर. होमराजचा खांदा निखळला,
तिथल्याच एका म्हाताऱ्याने झटक्यात बसवला,
तीस रुपये, वहीत लिहिलेत.
वडसा: हॅलोजन फुटला.
अर्धा तास अंधार, लोक जागेवरून हलेनात,
दोन्हीकडचे पोट्टे मध्यरेषेवर मांडी घालून
एकाच पन्नीतला खर्रा खात बसले.
उजेड आल्यावर पुन्हा एकमेकांच्या घोट्यांवर तुटून पडले.
आरमोरी: हरलो. थंडी फार होती.

माघात लोमेश गेला.
पवनीकडच्या संघाने दीड हजार देऊ केले होते.
निळी जर्सी धुऊन, घडी घालून त्याने माझ्या हातात दिली,
आणि टेकचंदला म्हणाला,
"पकड करताना तू डावा खांदा आधी टाकतोस.
दिसते ते, सगळ्याईले."

ब्रह्मपुरीला उपांत्य सामन्यात तोच समोर,
लाल जर्सीत.
शेवटच्या चढाईला टेकचंदने डावा खांदा टाकला नाही.
नुसता उभा राहिला, झाडासारखा, आणि मग घोटा.
लोमेश हातभर अंतरावर आडवा,
बोटं रेषेकडे, तोंडात अजून कबड्डी कबड्डी,
हळूहळू विझत गेलेली.

माझ्या वहीत एकतीस–एकतीस.
पंचांच्या टेबलावर आमचे तीस.
यादोराव वही हवेत धरून गरजले,
"आमच्या मुन्शीची वही चुकत नाई!"
खुर्च्या पडल्या, कोणाची तरी शिट्टी तुटली.
टेबलवाले ढळले नाहीत.

परतताना पिकअपच्या मागच्या भागात
मोबाईलच्या उजेडात मी पहिल्यापासून मोजलं.
आठव्या मिनिटाला होमराजचा बोनस:
एका बोनसला दोन रेघा.
तेव्हा मी ओरडत होतो, आठवतं मला.
ओरडताना हात दोनदा चालला.
सगळे झोपलेले, पाय एकमेकांवर टाकून.
होमराज झोपेतही पंचांना शिव्या देत होता.
मी उजेड बंद केला.

होळीनंतर जर्श्या यादोरावच्या कोठीत गेल्या.
होमराज बुटीबोरीला, टेकचंद हैदराबादला, सेंट्रिंगच्या कामावर.
चौदा स्पर्धा, तीन जिंकल्या.
पानठेल्यावर अजून म्हणतात,
"ब्रह्मपुरीत तं आपनच जिंकलो होतो बाप्पा."
मी मान हलवतो.
उभी की आडवी, कोणी पाहत नाही.

आता मे. वहीची कोरी पानं वाया कशाला घालवायची,
म्हणून तीच फळीवर आणली.
टेकचंदची माय उन्हात पुडे मांडते,
रांगा सरळ, एकही वाकडा नाही.
मी बोट फिरवत चालतो, लिहितो: शंभर.
ती पदराने घाम पुसते.
"नव्व्याण्णव हायेत, मुन्शी.
घरूनच मोजून आनले."

बाकीच्या बाया थांबून पाहतात.
मी वाकतो,
आणि पहिल्या पुड्यापासून परत सुरू करतो.