बेंबीखाली तीन बोटं

पलंगाच्या पायांखाली चार लाकडी ठोकळे अजून तसेच आहेत.
सुईणीची पाठ वाकू नये म्हणून नियमच आहे तसा;
माझ्या पाठीसाठी नियम नाही.
उतरताना मी आधी एक पाय लोंबकळत सोडते,
मग जमीन शोधते,
मग टाके मला शोधतात.

वीब्रिख सकाळी आठला येते, सायकल कुंपणाला टेकवते,
गार हात आधी स्वतःच्या गालांवर ऊबवून घेते
आणि माझं पोट दाबून मोजते:
काल बेंबीखाली दोन बोटं, आज तीन.
वहीत लिहिते. रक्त किती, ताप किती, शी झाली का.
शी माझी. बाळाची वेगळ्या पानावर.
"नाही," मी आजही सांगते
आणि छत्तीस वर्षांची बाई त्यावरून रडते.

खाली चित्स्के, माझी सासू, टोस्टला लोणी लावून
वर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पसरते.
पाहुण्यांचं कुडुमकुडुम जिन्यावरून वर येतं.
"सुखरूप सुटली," ती सांगते, "घरच्या घरी, नऊ तासांत."
नऊ तास खरे.
सुटले ती कशातून, ते मला अजून कळलेलं नाही.

मला आठवतात शूर्डच्या दंडावर माझे दात.
मध्येच उजाडलं. हार्लिंगनच्या बंदरातून
बेटाकडे जाणाऱ्या पहिल्या बोटीनं भोंगा दिला;
मला वाटलं, तो आवाज माझाच.
"आता जोर करू नकोस," सुईण म्हणाली,
जणू ते माझ्या हातात होतं.
मग जाळ, गोल, काठाकाठानं,
आणि टर्रकन काहीतरी फाटलं जुन्या चादरीसारखं.
तेव्हा दुखलंच नाही. दुखलं शिवताना.
मी शिव्या दिल्या, आजोबांच्या मासेमारीच्या बोटीवरच्या,
येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.
मग ती छातीवर ठेवली, ओली, जड, निळसर.
सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.
मला एवढंच वाटलं: संपलं.

प्रेम नाही.
हे मी फक्त वीब्रिखला सांगितलं. ती दुपटी आवरत होती, थांबली नाही.
"हं," म्हणाली. "मला दुसऱ्याच्या वेळी अकरा दिवस लागले."
आणि हातातली घडी पुरी केली.

त्याच रात्री दूध आलं, दगड होऊन.
काखेपर्यंत दगड. ब्रामध्ये फ्रिजमधली कोबीची पानं;
सकाळी ती शिजून निघाली.
शूर्डनं एक हुंगून पाहिलं, आम्ही दोघं हसलो,
हसल्याबरोबर मला लघवी झाली.
आता संडासात बसते ती कोमट पाण्याची बाटली घेऊन,
धारेवर धार सोडते, दात आवळते.
खिडकीबाहेर ओहोटी:
पाणी गेलंय, मैलभर करडा चिखल,
लाटांच्या सुरकुत्या तशाच ठेवून.
माझं पोटही तसंच. हात ठेवला की हलतं,
आत कुणी नसताना.

आठव्या दिवशी वीब्रिखनं बोटं ठेवली, शोधलं, पुन्हा शोधलं.
"लागत नाही आता." वही मला दिली आणि गेली.
अकरावा दिवस आला तसा गेला. मी मोजत होते.

आज शूर्डनं ठोकळे काढले.
रात्री ती रडली. सवयीनं मी पाय लोंबकळत सोडला,
आणि जमीन
वाटली त्याच्या आधीच आली.