शेरा

अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
एकतीस वर्षं वाशीच्या पतपेढीत
दुसऱ्यांचे आकडे लिहिले,
आता चिखलाच्या कडेला, प्लास्टिकच्या स्टुलावर,
कपाळाला बॅटरी बांधून
पाखरांचे लिहितो.

पावणेपाच. करावे गावामागची पाणथळ.
उधाण रात्रीच येऊन गेलं.
पामबीचचे दिवे पाण्यात लांब ओघळलेत,
आणि जाळं कुठे आहे ते
फक्त जोमा तांडेलला दिसतं.

आधी विडीचा वास येतो, मग जोमा.
हातात पिशव्या, जुन्या परकरांच्या, नाडीसकट,
प्रत्येकीत थोडी धडधड.
तिवराच्या फांदीला टांगतो
आणि वारा नसताना त्या हलत राहतात.

बापाबरोबर फास लावायचा तो इथेच.
सहा पाखरांचं एक कालवण.
बोटं तीच आहेत :
आधी पाय, मग पोट, पंखाचा सांधा, शेवटी मान,
शिंगाळी सोडवावी तसं,
काटा न मोडता.

निलोफर बोलते, मी लिहितो.
छोटा टिलवा. पंख सत्त्याण्णव. चोच अठरा.
वजन बावीस, पिशवी वजा जाता.
चिमट्याने ती कडं मिटते,
सांध्यावरून नख फिरवून बघते.

"काय लिवलाय त्याव?"
नंबर, आणि मुंबईला कळवा.
"धरला कराव्याला, मंग मुंबई कनाला?
आन कलवा? कलव्याला त माजी भयीन दिलेली हाय."
निलोफर हसते, मुठीतला टिलवाही हलतो,
मी चोच दोनदा लिहितो, खोडतो.

सातव्या पिशवीतला मात्र
कडं घालूनच आला होता.
झिजून पातळ झालेलं, भिंगाखाली कसेबसे
चार, शून्य, नऊ.
जुनी वही काढली. चार वर्षांमागचा मार्च,
माझंच अक्षर, जरा जास्त ताठ.
वजन चोवीस.
शेरा : जोमाने सोडला. लगेच उडाला नाही.

या चार वर्षांत मी एकदा पुण्याला गेलो,
तीनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे.
हा सैबेरियात जाऊन आला असेल, दर वर्षी.
तेव्हा जाळं जिथे होतं
तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे,
टिलव्याला कुणी कळवलं नव्हतं.

आज एकवीस. तीन ग्रॅमची तफावत.
पतपेढीत चार आण्यांसाठी
रात्री नऊपर्यंत बसवून ठेवत.
"महिना आहे अजून, खाईल," निलोफर म्हणते,
चिखलाकडे न बघता.

उजाडलं. टॉवरांच्या काचा आधी, मग पाणी.
जोमा तळहात उघडतो.
टिलवा बसून राहतो.
आम्ही तिघं श्वास धरून,
जणू आमचंच वजन चाललंय.
मग तो हातावर शिटतो आणि जातो,
खाडीवर बुटका, सरळ.

"पोचल्याव कलव रं,"
जोमा म्हणतो, हात लुंगीला पुसतो,
रिकामी पिशवी उलटी करून झटकतो
आणि आठवीची नाडी सोडायला लागतो.